बोकडाच्या कातड्याचं शिकारी जाकीट: आठ महिने अंगावर घातल्यानंतर

जाकीट फेब्रुवारीत पहिल्यांदा अंगावर चढलं, आता ऑक्टोबर चालू आहे. मधल्या काळात ते एकदा खांद्यात फाटलं, एकदा पापडासारखं कडक झालं, एकदा कपाटात हिरवं पडलं आणि माझे दोन पांढरे कुर्ते त्याने कायमचे चहाच्या रंगाचे करून टाकले. तरी रविवारी पहाटे इंदूरच्या सिरपूर तलावावर निघताना हात खुंटीवरच्या त्याच जाकिटाकडे जातो. म्हणून हे जरा सविस्तर.

शिकारी जाकीट म्हटलं की लोक दचकतात. आमच्याकडे बंदूक नाही. माझे दीर आणि मी पक्षी बघतो, एवढंच. पण शिकाऱ्यांच्या जाकिटाचा साचा या कामाला फार सोयीचा निघतो. छातीवर काडतुसं खोवायच्या पट्ट्या असतात, त्यात माझ्या पेन्सिली आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बसतात. कमरेशी दोन खोल खिसे. पाठीवर खाली एक रुंद झोळीसारखा खिसा असतो, त्यात शिकारी मारलेली पाखरं टाकतात, मी पोळीचा डबा टाकते.

घरी कमावलेल्या कातड्याच्या जाकिटाची ही पद्धत अमेरिकेतली. तिकडे परवाना काढून हरणाची शिकार होते आणि हौशी लोक ते कातडं घरीच कमावतात, तेही त्याच जनावराचा मेंदू चोळून. मग ते धुरावर धरतात. धुरामुळे असं चामडं भिजून वाळलं तरी चोळल्यावर पुन्हा मऊ पडतं. ही धुराची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पावसाळ्यात तिची फार आठवण झाली. आपल्याकडे हरणाचं नावच काढायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार तर सोडाच, ते कातडं घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. कुणाच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचं काही सापडलं तरी त्याला कात्री लावायच्या भानगडीत पडू नका. होळकरांच्या शिकारीची हौस रालामंडळच्या टेकडीवर जाऊन त्यांची शिकारगाह बघून भागवावी.

आम्ही बोकडाची कातडी घेतली. तसंही इंदूरला बकरीच्या चामड्याचं वावडं नाही. तारेच्या सांगाड्यावर चामडं मढवून केलेले हत्ती-घोडे इथलेच, त्यांना भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. सासूबाईंना मात्र हे काहीही सांगून उपयोग नव्हता. "शेतावर काय करायचं ते करा, माझ्या ओट्यापाशी ते आणायचं नाही," म्हणाल्या. मी तो शब्द पाळला, तेव्हा त्यांनीही माझ्याशी अबोला धरला नाही.

कमावणं सगळं दिरांनी केलं, सिमरोलजवळच्या शेतावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे थंडीत, कारण उन्हाळ्यात कातडं कमावण्याआधीच कुजतं. मटणवाल्याकडून मीठ लावलेली तीन कातडी आणली. चुन्याच्या पाण्यात केस सुटेपर्यंत ठेवली, लाकडी ओंडक्यावर बोथट सुरीने खरवडली, गव्हाच्या आंबवलेल्या कोंड्यात चुना उतरवला आणि मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात महिनाभर मुरवली. काढा आधी पातळ, दर चार दिवसांनी थोडा दाट. घाईने सुरुवातीलाच दाट काढा घातला तर वरचा थर मिटतो आणि आत कातडं कच्चंच राहतं. झालं की नाही बघायला दिरांनी कडेची एक चिंधी कापून मला दाखवली. कापलेल्या कडेत मधोमध एक पांढरट रेघ होती, केसाएवढी. "वहिनी, ही रेघ आहे तोवर हे कातडं, गेली की चामडं." आणखी नऊ दिवसांनी ती गेली. नंतर एरंडेल चोळून आणि खाटेच्या काठावर ओढून ओढून मऊ केलं. त्यांच्या हातांना जानेवारीपर्यंत वास होता.

इथपर्यंतच्या कामात मला एकही दोष काढता येत नाही. आठ महिन्यांत जे जे बिघडलं ते माझ्या शिवणाने बिघडलं. गेली सव्वीस वर्षं मी इंदूरच्या रामबागेत ब्लाउज, कुर्ते, शाळेचे गणवेश शिवतेय. मला वाटलं, चामडं म्हणजे जाड कापड. सगळ्या चुका त्या एका वाटण्यातून निघाल्या.

पहिली चूक कापतानाच झाली. कापडाला उभा-आडवा धागा असतो, तो बघून आम्ही कात्री लावतो. चामड्याला धागा नाही म्हणून मी जिथे जागा मिळेल तिथे तुकडे बसवले, काटकसर म्हणून. पण कातड्याला पाठ आणि पोट असतं. कण्याच्या दोन्ही बाजूंचं चामडं घट्ट, पोटाकडचं सैल आणि ताणणारं. माझा डावा खिसा पोटाच्या तुकड्याचा होता. मार्च संपेपर्यंत तो म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याखालच्या पोळीसारखा लोंबायला लागला. उजवा, पाठीचा, आजही ताठ आहे. पुढच्या वेळी पुढचे दोन्ही पल्ले आणि पाठ कण्याच्या रेषेत उभे कापीन, पोटाचं चामडं फक्त पट्ट्यांच्या अस्तराला.

टाचण्यांचं तर हसूच आलं मला नंतर. सवयीने सगळीकडे टाचण्या लावल्या. कापडातलं भोक धुतलं की बुजतं, चामड्यातलं जन्मभर राहतं. छातीवर डाव्या बाजूला सात टोचे ओळीने दिसतात, कुणी विचारलं तर छर्रे लागले म्हणून सांगते. आता कपडे वाळत घालायचे चिमटे वापरते.

शिवण मशीनवर घातली. चामड्याची १८ नंबरची सुई मिळते, तिचं टोक चपटं, धारदार असतं, ती भोक पाडत नाही, कापते. मशीनच्या पायाखाली चामडं चिकटत होतं तर बटर पेपर ठेवला. इथवर ठीक. पण टाका ठेवला ब्लाउजचा, दोन मिलिमीटरचा, कारण बारीक टाका म्हणजे पक्का टाका असं मी स्वतःच मुलींना शिकवते! मार्चच्या शेवटच्या रविवारी यशवंत सागर तलावावर सारस दिसले, मी दुर्बीण उचलायला हात वर केला आणि उजव्या खांद्यातून टर्रकन आवाज आला. दोरा शाबूत होता. चामडंच टाक्यांच्या ओळीवर सरळ फाटलं होतं, पोस्टाची तिकिटं वेगळी करतात तसं. सारसांनी मान वळवून बघितलं, दिरांनी नाही, त्यांचं शूटिंग चालू होतं.

दुसऱ्या दिवशी ते घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोच्यांकडे गेले. सत्तरीचे असतील. त्यांनी फाटलेली कड बोटाने उचलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, सुई तो कपड़े में चलती हे. चमड़े में पेले छेद चलता हे, पीछे धागा." मग रापी बाजूला ठेवून आरीने भोकं पाडून दाखवली, चार-चार मिलिमीटरवर, आणि एकाच मेणाच्या दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून ओवल्या. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा तुटला की खालचा आपोआप सुटत जातो. यात एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. पैसे घेईनात. मी मुद्दाम बसून दोन तास शिकले, तेव्हा शिकवणीचे म्हणून घेतले. दोन्ही खांदे आणि बगलेच्या शिवणी मी सोडवून हाताने घातल्या, आत सुती नाडीची फीत टाकून. सहा संध्याकाळी गेल्या. त्यानंतर त्या शिवणी हललेल्या नाहीत.

इस्त्री. शिवण उघडून इस्त्रीने बसवायची हा हाताला लागलेला धडा. खिशाच्या झाकणावर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली आणि डोळ्यांदेखत झाकण अर्ध्या इंचाने आखडलं, कडा वर वळल्या. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना ८० अंशांच्या आसपासच आखडायला लागतं आणि ते परत होत नाही. चामड्याची शिवण हातोडीने ठोकून बसवतात, खाली पंक्चरचं सोल्युशन लावून. हेही मोचीदादांचंच.

आता वापर. सगळ्यात मोठा गुण म्हणजे आवाज नाही. नायलॉनच्या जाकिटाची हात हलला की खसखस होते, बगळ्याला ती वीस पावलांवरून कळते. हे गप्प असतं. शिकारी लोक चामडं का घालायचे ते मला पहिल्याच सकाळी कळलं. बाभळीच्या काट्यात घुसलं तरी ओरखडा येतो, धागा निघत नाही. पाठीची झोळी खाली घेऊन ओल्या गवतावर बसता येतं. रंग वाळलेल्या गवताचा आहे, तो मुद्दाम केलेला नाही, बाभळीने दिला. घरच्या काट्यावर वजन १ किलो १०० ग्रॅम भरलं, खिसे रिकामे. तीन तास काही वाटत नाही, पाचव्या तासाला खांदे बोलतात.

मे महिन्यात घालू नका. सकाळी नऊपर्यंत ठीक, त्यानंतर आत भट्टी. मांजरपाटाचं अस्तर लावलं होतं तरी घामाबरोबर बाभळीचा रंग झिरपला. कुर्ते गेले ते तेव्हाच. आता आत गडद रंगाचंच काहीतरी घालते.

टिचबटणं लोखंडी घेतली ही आणखी एक काटकसर. घाम लागला आणि प्रत्येक बटणाभोवती काळंभोर कडं उमटलं, शाई सांडल्यासारखं. हिरडा-बाभळीचा रस आणि लोखंड एकत्र आलं की हे होणारच, जुनी शाई अशीच करायचे. लिंबू चोळून फिकट झालं, गेलं नाही. आता पितळी बटणं आहेत, आणि ती काळी कडी त्यांच्याभोवती नक्षीसारखी दिसतात असं दीर म्हणतात. त्यांना कपड्यातलं काही कळत नाही.

जुलैत चोरलच्या घाटात पावसाने गाठलं. रेनकोट गाडीत. जाकीट पाणी पिऊन दुप्पट जड झालं. सावलीतच वाळवलं, पण तीन दिवसांनी ते खुंटीवरून काढलं तर माणसासारखं उभं राहिलं. इथे तो धूर आठवला. मग खुर्चीच्या पाठीवर ओढून, चुरगाळून, थोडं एरंडेल आणि मेण गरम करून चोळून दोन संध्याकाळी घालवल्या. पहिल्यासारखं मऊ झालं नाही, बऱ्यापैकी झालं. शेतावरच्या पुढच्या कातड्यांना आम्ही गोवऱ्यांचा धूर देऊन बघणार आहोत.

ऑगस्टमध्ये बुरशी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं, तेही कपड्याचीच सवय. कोरड्या फडक्याने पुसलं, व्हिनेगर-पाण्याचा हात फिरवला, उघड्यावर टांगलं, मग आतून निंबोळीचं तेल. निंबोळीने बुरशी गेली आणि एक नवीन वास आला. आधीच गल्लीतली कुत्री या जाकिटामागे शेतापर्यंत यायला तयार असतात. आता फक्त एक तांबडं येतं, बाकीच्यांनी नाद सोडला.

एकदा नाक्यावर वनरक्षकाने थांबवलं. जाकीट कशाचं, हरणाचं तर नाही? मी काढून दिलं. त्याने वळवून बघितलं, वरचे केसांच्या मुळांचे बारीक ठिपके उन्हात धरले, वास घेतला, नाक मुरडलं आणि "बकराच हे" म्हणून परत केलं. मटणवाल्याने दिलेली कातड्यांची पावती तेव्हापासून आतल्या खिशात असते.

खर्च सांगायचा तर तीन कातडी, साल, हिरडा, एरंडेल, दोरा, दोनदा घेतलेली बटणं मिळून दोन हजारांच्या आत. माझे आणि दिरांचे दिवस धरले तर विचारू नका. ज्याला फक्त जाकीट हवंय त्याने विकत घ्यावं. ज्याला शिवता येतं असं वाटतं त्याने मात्र एक करून बघावं, आणि पहिला तुकडा कापण्याआधी मोच्याकडे जावं, मी गेले तसं फाटल्यावर नाही.

डावा खिसा काल उसवून ठेवलाय. दिरांकडे पाठीच्या चामड्याचा वीतभर तुकडा उरला आहे, ते रविवारी आणणार आहेत. सासूबाईंनी परवा विचारलं, चष्म्याचं घर होईल का त्यात. खिसा कापून काय उरतं ते बघते.