टॉम अँड जेरी गोल्डन कलेक्शन, खंड १: अडतिसाव्या भागाआधी थांबलेला संच

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओसाठी १९४० ते १९५८ या काळात टॉम अँड जेरीचे ११४ लघुपट केले. २०११ साली अमेरिकेत वॉर्नरने काढलेल्या या ब्लू-रे संचात त्यातले पहिले ३७ आहेत: ‘पुस गेट्स द बूट’पासून ‘प्रोफेसर टॉम’पर्यंत, प्रदर्शनाच्या क्रमाने, न कापता. दोन डिस्क, साधारण पावणेपाच तास.

हा क्रम संचाची खरी कमाई आहे. आधीच्या स्पॉटलाइट कलेक्शन डीव्हीडींमध्ये भागांची सरमिसळ होती. इथे ओळीने बघत गेलं की टॉम कसा घडला ते डोळ्यांसमोर उलगडतं. पहिल्या भागात त्याचं नाव जॅस्पर आहे, अंगावर केसांच्या झुपक्यांच्या शंभर रेघा आहेत आणि तो बराचसा खऱ्या मांजरासारखा चालतो. दहा-बारा भागांनंतर रेघा गळू लागतात, भुवया बोलू लागतात, वेग वाढतो. १९४६-४७च्या ‘सॉलिड सेरेनेड’ आणि ‘द कॅट कॉन्सर्टो’पर्यंत आपल्या ओळखीचा टॉम तयार झालेला असतो. स्कॉट ब्रॅडली यांचं संगीतही याच क्रमाने धीट होत जातं. टीव्हीवर कुठलाही भाग कधीही लागायचा, त्यात हे कळायला वावच नव्हता.

चित्राची प्रत डीव्हीडीपेक्षा बरीच वरची. डीव्हीडीच्या काळात कार्टूनवर आपोआप धूळ पुसणारी प्रक्रिया सर्रास वापरत; तिला शाईची बारीक रेघ आणि फिल्मवरचा ओरखडा यातला फरक कळत नसे आणि भरधाव हालचालीत मिशा, बोटांच्या कडा अर्धवट पुसल्या जात. इथे रेघ शाबूत आहे, फिल्मचा दाणाही (ग्रेन) दिसतो. ‘माऊस इन मॅनहॅटन’मधली रात्रीची रंगवलेली पार्श्वभूमी थांबवून पाहावी अशी. मात्र सगळे भाग सारखे चकचकीत नाहीत. जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मवरच्या मूळ निगेटिव्ह बऱ्याचशा आगीत गेल्या, म्हणून पुढच्या पिढीच्या, म्हणजे प्रतीवरून काढलेल्या प्रतींवर काम भागवावं लागलं. अनेक भागांची सुरुवातीची पाटीही पुनर्प्रदर्शनाच्या वेळची आहे, मूळ नव्हे. हा डिस्क बनवणाऱ्यांचा आळस समजू नये.

आता दुखरी जागा. दुसरा खंड २०१३च्या जूनमध्ये यायचा होता. त्यातून ‘माऊस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ वगळल्याचं उघड झालं, चाहते भडकले आणि तो खंड बाजारात आलाच नाही. दोन्हींत कृष्णवर्णीयांची थट्टा करणारे प्रसंग आहेत: एकात कोळशाने माखलेला टॉम तसा बोलतो, दुसऱ्यात सिगारच्या धुराने काळ्या झालेल्या जेरीला नाचवलंय. प्रसंग ओंगळ आहेत, यात वाद नाही. पण बुटाच्या पॉलिशने तोंड काळं करण्याचा तसाच विनोद ‘द मिल्की वेफ’मध्ये आहे आणि तो पहिल्या खंडात अख्खा ठेवलाय. मग नियम कोणता? ‘माऊस क्लीनिंग’ हा अडतिसावा लघुपट. म्हणजे हा संच नेमका त्याच्या उंबरठ्यावर संपतो.

पुढच्या भागांसाठी जुन्या स्पॉटलाइट डीव्हीडी घेणार असाल तर जपून. स्पॉटलाइटच्या दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीच्या प्रतींत काही भाग कापलेले किंवा टॉमच्या घरातल्या मोलकरणीचा आवाज बदललेले निघाले होते आणि कंपनीने नंतर बदली डिस्क दिल्या. मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. स्पॉटलाइटच्या तिसऱ्या खंडात वरचे दोन वादग्रस्त भाग नाहीतच.

भारतात मागवताना डिस्कचा विभाग (रीजन) तपासा. अमेरिकी डीव्हीडी विभाग १ची असते, आपले प्लेयर विभाग ५चे. ब्लू-रेमध्ये अमेरिका ‘ए’, भारत ‘सी’. डिस्क सर्व विभागांत चालते का, हे विक्रेत्याकडून आधी वदवून घ्या.

लावल्यावर टीव्हीत तीन गोष्टी बदला. चित्राचा आकार ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या दोष नाहीत, पडदाभर ताणलं की जेरी बसका दिसतो. ट्रूमोशन, मोशनफ्लो किंवा ऑटो मोशन प्लस, जे काही नाव असेल ते बंद करा: या कार्टूनमध्ये एकेक चित्र बहुधा दोन फ्रेम टिकतं आणि टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवायला गेला की धावणाऱ्या पायांभोवती भुतं उमटतात. नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर डिस्कवर जपलेला दाणा आणि रेघ टीव्हीच पुसेल. प्लेयरमध्ये २४ पी (सेकंदाला २४ फ्रेम, फिल्मसारख्याच) आउटपुट असेल तर चालू करा.

पूरक साहित्य यथातथा. काही भागांवर तज्ज्ञांचं निवेदन आहे, तेवढं ऐकावं. ‘द कॅट कॉन्सर्टो’ मात्र आधी निवेदनाशिवाय, आवाज मोठा करून, टॉमच्या बोटांकडे बघत.