वॉरंटी नाकारली नाही, नुसती लांबवली

वापरलेल्या गाड्यांच्या व्यवहारात मीटर मागे फिरवणे किंवा अपघाताची गाडी रंगवून विकणे हे प्रकार आता सर्वांना ठाऊक आहेत, आणि मीही सर्व्हिसच्या नोंदी तपासूनच गाडी घेतली होती. माझी फसवणूक निराळ्या मार्गाने झाली. विक्रेत्याने दुरुस्तीला एकदाही नकार दिला नाही. त्याने ती अशी रेंगाळत ठेवली की गाडी त्याच्याच वर्कशॉपमध्ये उभी असताना वॉरंटीची मुदत संपून गेली.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यातील एका बड्या शोरूममधून मी 2019 ची एएमटी (क्लचचे पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) पेट्रोल हॅचबॅक 5,40,000 रुपयांना घेतली. त्यातील चार लाख कर्जाचे असून हप्ता 10,632 रुपयांचा आहे. ‘इंजिन व गिअरबॉक्स वॉरंटी’ म्हणून 8,260 रुपये वेगळे घेतले गेले, मुदत सहा महिने किंवा 7,500 किलोमीटर, यापैकी जे आधी होईल ते. वॉरंटीची पुस्तिका पूर्ण रक्कम भरल्यावर, चावीसोबत हातात आली. पैसे देण्यापूर्वी ती मागून घ्यावी आणि न दिल्यास उठून यावे.

मार्चमध्ये चांदणी चौकाच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमधून आपोआप न्यूट्रलमध्ये गेली, गिअरच्या अंकाच्या जागी ‘एन’ लुकलुकू लागला आणि मागे पीएमपीची बस भोंगा वाजवत थांबली. टोइंगचे 2,200 रुपये मीच भरले, कारण टोइंग वॉरंटीत बसत नाही असे सांगण्यात आले.

आता ज्या क्षणाची मला आजही चीड येते, त्याबद्दल. वर्कशॉपच्या काउंटरवर मी घडलेला प्रकार सविस्तर सांगितला. सर्व्हिस ॲडव्हायझरने जॉबकार्ड, म्हणजे गाडीची तक्रार व करायचे काम नोंदवणारा कागद, छापून पुढे केले, त्यात ग्राहकाची तक्रार या रकान्यात ‘जनरल चेकअप, जर्क’ एवढेच होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, सिस्टिममध्ये तेवढेच ऑप्शन येतात. गाडी लिफ्टवर घेतली की अपडेट करतो.” मी सही केली. मागे चार माणसे ताटकळत होती, मला कामावर पोहोचायचे होते, आणि ज्यांनी पक्के बिल, नावबदली, कर्जाचे कागद सारे चोख करून दिले त्यांच्या एका रकान्यावर शंका घेण्याचे कोणाही सभ्य माणसाला कारण नव्हते. त्याच रकान्याच्या जोरावर पुढे मला सांगण्यात आले की गिअरबॉक्सची तक्रार प्रथम 24 जुलै रोजी नोंदली गेली, म्हणजे 19 जुलैला वॉरंटी संपल्यानंतर! जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत, पेनने का होईना, लिहिल्याशिवाय सही करू नये, आणि लगेच त्याचा फोटो काढावा.

मधल्या महिन्यांत कारणांना तोटा नव्हता. पार्ट मागवला आहे, पार्ट चुकीचा आला, तपासनीस यायचा आहे, मंजुरी बाकी आहे. वॉरंटी देणारी कंपनी वेगळी आणि दुसऱ्या शहरातली असल्याचे मला तेव्हाच कळले; शोरूम म्हणे मंजुरी त्यांच्याकडून नाही, ती कंपनी म्हणे शोरूमने फोटोच पाठवले नाहीत. एकदा गाडी ‘ओके’ म्हणून परतही दिली. प्रत्यक्षात स्कॅनर लावून फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी) पुसले होते आणि क्लचचे लर्निंग (क्लच कुठे पकडतो याची संगणकातील जुळवणी) नव्याने केले होते, त्यामुळे ती काही दिवस नीट चालली आणि पुन्हा तशीच अडली. दुरुस्तीनंतर आधीचा व नंतरचा स्कॅन रिपोर्ट लेखी मागावा. तोंडी ‘ओके’ला काडीची किंमत नाही.

शेवटी उत्तर आले ते असे: गिअरबॉक्सचे केवळ आतले, तेलात चालणारे भाग वॉरंटीत येतात. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, ज्यावर बसवलेली यंत्रणा, माझ्या गाडीत हायड्रॉलिक पंप आणि ॲक्चुएटर, आपल्या हातापायांऐवजी गिअर बदलते व क्लच दाबते. बिघडला होता तो ॲक्चुएटर. तो बाहेर बसवलेला, म्हणून वॉरंटीबाहेर. आणि क्लच प्लेट झिजणारी, म्हणून तीही बाहेर. मग एएमटी गाडीला ही वॉरंटी विकली कशासाठी, या प्रश्नाला आजवर उत्तर नाही. गाडी सोडवताना ‘तपासणी शुल्क’ म्हणून 3,540 रुपये उकळले, ते मी पावतीवर ‘हरकत नोंदवून’ असे लिहून भरले. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम 43,700 रुपयांत, तेही दोन दिवसांत झाले. दरम्यान टॅक्सीवर 21,740 रुपये गेले आणि उभ्या गाडीचे हप्ते चालूच होते.

पोलीस चौकीत कागद न उघडताच सांगण्यात आले की हे दिवाणी प्रकरण आहे. परिवहन कार्यालयात गेलो, कारण एप्रिल 2023 पासून वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र लागते. या विक्रेत्याकडे ते आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. एका खिडकीने दुसरीकडे धाडले, दुसरीने “अर्ज आवक-जावकला द्या” म्हटले, आणि तो अर्ज आवक झाला तो झालाच. नियम राजपत्रात छापायचे आणि ते विचारणाऱ्या नागरिकाकडे त्रासदायक इसम म्हणून पाहायचे, ही कोणती पद्धत? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवावी, पण तिला आदेश देण्याचा अधिकार नाही; ती कंपनीकडे तक्रार पाठवते. माझ्या कंपनीने ‘ग्राहकाचे समाधान झाले आहे’ असे धादांत खोटे उत्तर दिले. त्या उत्तराची प्रत मात्र जपून ठेवली आहे.

आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझा त्याहून मोठा, म्हणून 200 रुपये पडले. वकील सक्तीचा नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम 38 सांगते की वस्तूच्या चाचणीची गरज नसल्यास शक्यतो तीन महिन्यांत निकाल लागावा. हा ‘शक्यतो’ किती ताणता येतो, ते तारखा पाहून कळते.

शोरूम आणि वॉरंटी कंपनी अशा दोघांनाही प्रतिवादी करावे, अन्यथा गैरहजर असलेल्यावर सारे खापर फोडले जाते. याच पद्धतीने ज्यांची मुदत संपवली गेली त्यांनी आपापली जॉबकार्डे काढून तो रकाना तपासावा आणि मला कळवावे. समान तक्रारीच्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येते, आणि तसा अर्ज करण्याची माझी तयारी आहे.