हायपॉक्सिक टेंट काही महिने वापरून मनासलू चढले: वापरानंतरचा अनुभव, आणि गायडेड चढाई खेळात धरायची का त्याबद्दल

हायपॉक्सिक टेंट घेऊ का असं जे जे विचारत होते त्यांना मी सांगत होते की मनासलू शिखराची मोहीम होऊ दे, मग बोलते. आता मोहीम झाली, टेंट त्याआधी काही महिने जवळजवळ रोज आणि परत आल्यावर अधूनमधून वापरलाय, म्हणून सविस्तर लिहितेय. लांबलंय खरं, पण टेंटबद्दल लिहायचं म्हटलं की गायडेड, म्हणजे पैसे भरून शेर्पांच्या सोबतीने केलेल्या, चढाईबद्दलही लिहावंच लागतं, कारण दोन्हींवर आक्षेप एकच येतो, की पैसे टाकून घेतलेली सोय आहे, यात तुमची कामगिरी ती कुठली.

आधी वस्तू काय आहे ते. एक मशीन असतं, ते साध्या हवेतला ऑक्सिजन कमी करून उरलेली हवा नळीतून बेडवरच्या टेंटमध्ये सोडतं. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि डोंगरावरही तेवढाच असतो, तिथे हवेचा दाब कमी होतो म्हणून श्वासातून कमी मिळतो. टेंटमध्ये उलटं, दाब घरचाच, टक्केवारी कमी. आतला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरवर १२ टक्के आले की अंदाजे साडेचार हजार मीटरवर झोपल्यासारखं. शरीराला दोन्ही गोष्टी शंभर टक्के सारख्या नाहीत, त्यामुळे घरी साडेचार हजारवर झोपतेय म्हणजे बेस कॅम्पची (डोंगराच्या पायथ्याच्या मुक्कामाची) सवय झालीच असं कोणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

पहिले काही आठवडे त्रासाचे गेले. डोकं जड, घसा कोरडा, आणि झोपेत श्वास काही सेकंद थांबायचा मग एकदम धाप लागल्यासारखे चार-पाच मोठे श्वास आणि जाग, पुन्हा तेच. उंचीवर हे होतंच, पण घरच्या गादीवर झालं की घाबरायला होतं. वर आतली गरमी आणि ओल, पहाटे टेंटच्या प्लॅस्टिकवर आतून पाणी धरलेलं असायचं. मशीनचा आवाजही आहे. मी ते बाहेरच्या खोलीत ठेवलं आणि लांब नळी घेतली, तेव्हा कुठे झोप लागायला लागली. बोटाला ऑक्सिमीटर लावून झोपायचे. सुरुवातीला आकडा ऐंशीच्या घरात घुटमळायचा, नंतर त्याच सेटिंगला चार-पाच पॉइंट वर राहायला लागला, हा फरक मला स्वतःला बघायला मिळाला म्हणून मी टिकून राहिले.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम बिघडतो. पाठीवर वजन घेऊन जिने चढायचा माझा लांबचा सराव टेंटमुळे सरळ ढेपाळला होता, पाय उचलतच नव्हते. मग मोठ्या सरावाच्या आदल्या रात्री मशीन बंद ठेवायला लागले आणि गाडी रुळावर आली. माझ्या मते चढाईसाठी जिने, वजन आणि तासनतास एका लयीत चालणं हे आधी, टेंट नंतर. ज्याचा हा पाया नाही त्याने टेंटमध्ये झोपून काही होणार नाही. आणि टेंटऐवजी रोज तासभर कमी ऑक्सिजनच्या हवेचा मास्क लावून बसणाऱ्यांनाही सांगते, फायदा हवा असेल तर रात्रभराचा मुक्काम लागतो, तोही सलग बरेच आठवडे.

आता डोंगरावर काय झालं. मनासलू ८१६३ मीटर, उंचीत जगात आठवा. बेस कॅम्पला मला डोकेदुखी जवळजवळ झालीच नाही, भूक शाबूत होती, त्याच्या वरच्या पहिल्या तळावर, कॅम्प १ ला, पहिल्याच मुक्कामात झोप लागली. सोबतचे काही जण, माझ्यापेक्षा जास्त फिट असलेले, पहिले काही दिवस नुसते पडून होते. सगळं श्रेय टेंटला देता येणार नाही, काहींचं शरीर उंचीला तसंही लवकर जुळवून घेतं, पण माझा आधीच्या उंचीवरचा अनुभव इतका सुखाचा नव्हता, म्हणून मी टेंटला मार्क देते.

पण कॅम्प ३ पासून पुढे आम्ही सिलेंडरचा ऑक्सिजन घेतला. गायडेड मोहिमांत हे आता सरसकट चालतं. ४ लिटरचा सिलेंडर ३०० बारला भरला की त्यात साधारण १२०० लिटर ऑक्सिजन मावतो, मिनिटाला २ लिटर सोडला तर १० तास पुरतो. मास्क लागला की तुम्ही शरीराच्या हिशोबाने हजारो फूट खाली येता, हात गरम होतात, डोकं चालायला लागतं. मग इतके महिने टेंटमध्ये कशाला झोपलीस असं मला विचारलं गेलं. उत्तर साधं आहे, रेग्युलेटर (सिलेंडरमधून ऑक्सिजन सोडणारा झडपेचा भाग) गोठला किंवा सिलेंडर संपला तर खाली उतरायला जो वेळ मिळतो तो अंगात मुरलेल्या सवयीचा मिळतो.

आणि इथेच मूळ प्रश्न येतो. समिटच्या रात्री मी नक्की काय करत होते? जुमार (दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड) दोरावर वर सरकवायचा, त्यावर भार टाकायचा, क्रॅम्पॉन (बुटाखालचे लोखंडी काटे) बर्फात रोवून एक पाऊल, मग तीन-चार श्वास, मग पुन्हा जुमार. अँकर (दोर बर्फात पक्का केलेली जागा) आला की आधी सेफ्टी कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) पुढच्या दोरात, मगच जुमार काढून पलीकडे लावायचा, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही. जाड मिटन (बोटं वेगळी नसलेले हातमोजे) घालून ते कॅराबिनर उघडताना बोटं कुठे आहेत तेच कळत नाही. माझ्यासोबतचे शेर्पा दाई (नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ) दर अँकरला थांबून माझ्या हाताकडे टॉर्चचा झोत धरायचे, दोनदा खेचून बघायचे, आणि नुसतं 'बिस्तारै', म्हणजे हळूहळू, म्हणून पुढे व्हायचे. मधे एकदा त्यांनी माझ्या पाठीमागे जाऊन सिलेंडरचा गेज (किती ऑक्सिजन उरलाय ते) बघितला आणि सिलेंडर बदलला, मला वळायलाही लागलं नाही. तो नवा सिलेंडर त्यांनी पाठीवरून आणला होता, स्वतःचा होता तो वेगळा.

म्हणजे हिशोब मांडा. दोर माझ्या आधी दुसऱ्यांनी लावलेला. तंबू, गॅस, जेवण दुसऱ्यांनी वर नेलेलं. हवामानाचा अंदाज बघून कुठल्या रात्री निघायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. हिमस्खलनाचा धोका कुठे, कॅम्प कुठे लावायचा हा निर्णयही त्यांचाच, आणि मनासलूवर तो निर्णय काय किमतीचा असतो ते २०१२ च्या सप्टेंबरात दिसलं, कॅम्प ३ वर झोपलेल्यांवर हिमस्खलन आलं आणि ११ जण गेले. गिर्यारोहणातली जी अक्कल आहे, वाट शोधणं, बर्फ वाचणं, मागे फिरायची वेळ ओळखणं, ती मी दुसऱ्याची वापरली. हे मी लपवत नाही आणि लपवूही नये असं मला मनापासून वाटतं.

मग उरलं काय? उरतो तो दम. माझी फुफ्फुसं आणि मांड्या कोणी उसन्या दिल्या नव्हत्या. रात्रभर चालून, पाणी गोठलेलं, घास गिळवत नाही अशा अवस्थेत तासन् तास तेच पाऊल टाकत राहणं आणि मग तेवढंच उतरणं, हे खेळाडूचंच काम आहे, आणि मी म्हणेन की लांब पल्ल्याच्या कुठल्याही शर्यतीच्या तोडीचं आहे. उतरताना तर जास्तच, कारण तिथे गुडघे थरथरत असतात, दोर हाताला गुंडाळून उतरायचं असतं आणि लक्ष ढळलं की संपलं. म्हणून 'पैसे टाकले की कोणीही पोचतो' हे मला खोटं वाटतं. आमच्यातले सगळे पोचले नाहीत, पैसे सगळ्यांनी भरले होते.

पण म्हणून याला गिर्यारोहणातली कामगिरी म्हणायची का, तर माझं उत्तर नाही असंच आहे. १९७८ मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे गिर्यारोहक एव्हरेस्टवर सिलेंडरशिवाय गेले, तेव्हा माणसाला हे जमेल का हेच अनेकांना पटत नव्हतं. आंग रिता शेर्पा १० वेळा तिथे सिलेंडरशिवाय जाऊन आले. त्या रांगेत मी माझं नाव घेऊ शकत नाही, आणि माझ्यासारख्या कुणी घेतलं तर मला राग येतो.

बाकी यात खेळ आहे की नाही हा वाद नवा नाही. १९२४ च्या शामोनीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये गिर्यारोहणासाठी पदकं दिली गेली ती १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेला. ती मोहीम शिखरावर पोचली नव्हती, त्यातल्या काहींनी ऑक्सिजन वापरला होता, आणि हिमस्खलनात ७ भारवाहक मेले होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण तेव्हा निदान कसे गेले, किती जोखमीत गेले याला किंमत होती, आज नुसता शिखरावरचा फोटो विचारतात. तो फोटोही कुठला? मनासलूवर वर्षानुवर्षं लोक अलीकडच्या टोकावरून फोटो काढून परतत होते, २०२१ मध्ये ड्रोनच्या फोटोंत खरं टोक पुढे आहे हे सगळ्यांना स्वच्छ दिसलं, आणि आता दोर तिथपर्यंत लागतो.

दुसऱ्या खेळांत नियम कोणीतरी लिहिलेले असतात. हायपॉक्सिक टेंटवर बंदी घालायची का याचा 'वाडा'ने (खेळातल्या उत्तेजकांविरुद्धच्या जागतिक संस्थेने) २००६ मध्ये विचार केला आणि घातली नाही, झेनॉन वायूवर (तो श्वासातून घेतला की शरीर जास्त रक्तपेशी बनवतं असा दावा असतो) मात्र २०१४ मध्ये घातली. डोंगरावर 'वाडा' नाही. २०२५ च्या मे महिन्यात चार ब्रिटिश माजी सैनिक झेनॉन घेऊन, घरी टेंटमध्ये झोपून, लंडनहून निघाल्यापासून आठवड्याच्या आत एव्हरेस्टवर पोचले. झेनॉनने डोंगरावर फायदा होतो याला पुरावा नाही असं गिर्यारोहण संघटनांच्या जागतिक महासंघाने त्याआधीच सांगितलं होतं. माझा अंदाज असा की काम केलं ते टेंटने, सिलेंडरने आणि शेर्पांनी. असो. मुद्दा हा की पंच नसलेल्या खेळात कसे चढलात ते तुम्हीच सांगायचं असतं, पूर्ण सांगायचं. मी असं सांगते: टेंटची तयारी, फिक्स्ड रोप (दुसऱ्यांनी आधीच लावलेला दोर), कॅम्प ३ पासून ऑक्सिजन, सोबत एक शेर्पा. एवढं एका वाक्यात बसतं, तरी बहुतेक लोक गाळतात.

आणि खेळाडूच शोधायचा असेल तर आधी दाईंकडे बघा ना. माझ्याइतकीच उंची, माझ्या कितीतरी पट वजन, शिवाय माझी काळजी. आमचे सत्कार होतात, हार पडतात, त्यांचं नाव बातमीत येत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

टेंटला माझे ५ पैकी साडेतीन. साडेसहा-सात हजार मीटरच्या वर जाणार असाल, सुट्टी कमी असेल आणि पायाचा व्यायाम आधीच पक्का असेल तरच घ्या, शक्यतो भाड्याने. आधी डॉक्टरांना भेटा, रक्तातलं लोह तपासा, ते कमी असेल तर शरीर नवीन रक्तपेशी बनवणार कशातून? टेंटमधली उंची हळूहळू वाढवा. मीटर दर आठवड्याला बाहेरच्या हवेत धरून २०.९ दाखवतोय ना बघा, माझा एकदा चुकीचा दाखवत होता. हवेचा प्रवाह कमी करून आवाज कमी करायचा मोह होतो, तो करू नका, आत तुमच्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सकाळची डोकेदुखी उंचीची आहे की त्याची ते कळत नाही. फिल्टर धुळीने भरला की मशीन सेट केलेल्या टक्क्यापर्यंत पोचतच नाही, तेव्हा जादा फिल्टर सोबतच मागून घ्या.