भिंतीला टेकून पोटाचा व्यायाम : जळगावातील एका वर्गाचा अनुभव

गुडघ्यांमुळे जमिनीवर बसून उठणे ज्यांना जड जाते, अशा पन्नाशीपुढच्या मंडळींसाठी जळगावात भरणाऱ्या एका व्यायामवर्गाला मी एप्रिलपासून जात आहे. येथे सतरंजी लागत नाही. सारा व्यायाम उभ्यानेच आणि भिंतीच्या आधाराने होतो.

मुख्य प्रकार उभ्या प्लँकचा. भिंतीपासून दोन-अडीच फूट मागे उभे राहून दोन्ही कोपरे खांद्यांच्या उंचीवर भिंतीला टेकवायची आणि डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत ताठ धरायचे. पाय जितके मागे न्यावेत तितका पोटावरचा भार वाढतो, त्यामुळे नवख्याला आणि सरावलेल्याला एकच भिंत पुरते. शिक्षकांची एक पद्धत मला फार आवडली. वेळूची सरळ काठी ते डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड यांना एकदम टेकवून पाहतात. पहिल्या दिवशी काठी आणि माझी कंबर यांच्यामधून त्यांची अख्खी मूठ आरपार गेली, तेव्हा पोट सैल सोडून मी सगळा ताण कमरेवर घेत होतो हे मला कळले. शेजारच्या आजी मात्र भिंतीला असा काही रेटा देत होत्या, की मागून कोणी तरी म्हणाले, "माय, भीत पडी जाई!"

तक्रारीची बाब श्वासाची आहे. तीसपर्यंतचे आकडे शिक्षक एकटेच मोजतात आणि आम्ही तोंड मिटून, दम कोंडून उभे राहतो. स्नायू असे आवळून धरताना श्वास रोखला की रक्तदाब चढतो, आणि आमच्यातले निम्मे लोक रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. मी आता स्वतःच हलक्या आवाजात आकडे म्हणतो, म्हणजे श्वास अडकत नाही. हे खरे तर पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. फरशीही गुळगुळीत आहे. मोजे घालून उभा राहिलो तेव्हा दोन्ही पाय मागे सरकले आणि हनुवटी भिंतीवर आपटली. रंगाची भुकटी कोपरांना लागते, ते किरकोळ.

सहाशे रुपये भरून मी दुसरा महिना सुरू केला आहे. मावळतीकडची भिंत आदल्या दिवशीच्या उन्हाने सकाळीही कोमटच असते, म्हणून उत्तरेची जागा धरण्यासाठी मी पंधरा मिनिटे आधी पोहोचतो.