होस्टिंगचं लॉगिन आधीच हातात देणारा क्लायंट

एचटीएमएल, सीएसएस शिकून झालेलं असतं, वर्डप्रेस (साइट बनवायचं आणि सांभाळायचं फुकट सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी हाताळता येत असतं आणि पहिलं काम मिळतं. एखाद्या कोचिंग क्लासची किंवा टूरवाल्याची पाच पानांची वेबसाइट, 15,000 रुपयांत. क्लायंट गोड बोलतो, 3,000 रुपये लगेच पाठवतो आणि त्याच दिवशी होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे राहणार त्या भाड्याच्या सर्व्हरचं, लॉगिनही देऊन टाकतो: "डायरेक्ट सर्व्हरवरच करत चला, मला रोज बघता येईल." नवख्याला वाटतं, माणसाने किती विश्वास टाकला! प्रत्यक्षात त्या क्षणापासून केलेलं प्रत्येक पान क्लायंटच्या घरात तयार होत असतं.

पंधरा दिवस बदल चालतात. लोगो थोडा मोठा करा, फॉर्मचा मेल येत नाहीये, मोबाइलवर मेनू झाकला जातोय. सगळं जमून आलं आणि उरलेले 12,000 मागितले की "सोमवारी अकाउंट्सवाले टाकतील." सोमवारी सी-पॅनलचा (होस्टिंग चालवायच्या पानाचा) पासवर्ड बदललेला असतो, वर्डप्रेसमध्येही लॉगिन होत नाही आणि साइट मात्र झकास चालू असते. फोन लागलाच तर उत्तर ठरलेलं: "काम पसंत पडलं नाही, दुसऱ्याकडून करून घेतोय."

यावर जो उपाय सर्रास सांगितला जातो तो कुचकामी आहे. वर्डप्रेसमध्ये ॲडमिन, म्हणजे सगळे हक्क असलेलं खातं, स्वतःकडे ठेवा आणि क्लायंटला फक्त मजकूर बदलणारा एडिटर करा, असं सांगतात. पण होस्टिंग ज्याचं, त्याचाच डेटाबेस. सी-पॅनलमधून पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस बदलायचं साधन उघडून युजर्सच्या टेबलात पासवर्ड बदलायला दोन मिनिटं लागतात, नवा ॲडमिन घालायला पाच. वर्डप्रेसच्या आतल्या भूमिका होस्टिंगच्या मालकाला अडवू शकत नाहीत.

म्हणून काम स्वतःच्या जागेत करायचं. स्वतःच्या होस्टिंगवर एक सबडोमेन (आपल्याच डोमेनखालचा वेगळा पत्ता), किंवा 'लोकल' नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून आपल्याच लॅपटॉपवर. क्लायंटच्या सर्व्हरचं लॉगिन सुरुवातीला घ्यायचंच नाही. ते लागतं शेवटच्या दिवशी, साइट हलवताना. मायग्रेशन प्लगइनने (वर्डप्रेसला जोडायच्या, साइट हलवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने) एवढी छोटी साइट हलवायला तासभर पुरतो, त्यामुळे "नंतर हलवताना अडचण येईल" ही सबब चालवून घेऊ नका.

दाखवायचं कसं, हा पुढचा प्रश्न, आणि इथे वर्डप्रेस आणि साधी एचटीएमएल साइट यांत फरक आहे. वर्डप्रेसची लिंक दिली तर समोरच्याला दिसणारी पानं उतरवून घेता येतात, पण त्यामागचा ॲडमिन आणि डेटाबेस त्याच्या हाती लागत नाही. नुसत्या एचटीएमएल-सीएसएसच्या साइटला मात्र मागे काहीच नसतं. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एस दाबलं की पान सेव्ह होतं, सगळी साइट उतरवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. अशा कामात लिंक देणं म्हणजे माल देणंच. लिंकवर पासवर्ड लावूनही उपयोग नाही, कारण तो पासवर्ड क्लायंटलाच द्यावा लागतो. गूगल मीटवर स्क्रीन शेअर करून दाखवा, मोबाइलवरचं रूप रेकॉर्ड करून पाठवा, फार तर होमपेजची लिंक द्या.

पैशांचे टप्पे ताब्याच्या टप्प्यांना बांधलेले हवेत. 15,000च्या कामाला 7,500 सुरुवातीला, होमपेज मंजूर झाल्यावर 4,500 आणि उरलेले 3,000 साइट हलवण्याच्या आधी. पहिल्याच कामाला निम्मे पैसे कोण देतं, असा प्रश्न रास्त आहे. नाही देत कुणी कुणी. भीती क्लायंटलाही असतेच, पोरगा ॲडव्हान्स घेऊन गायब झाला तर? अशा वेळी ॲडव्हान्स कमी करू नका, काम लहान करा. आधी फक्त होमपेजचा सौदा करा, 4,000चा, त्यातले 2,000 आधी. बुडालं तरी दोन दिवसांचं काम बुडेल. बदल किती वेळा करून देणार, तेही मेलवर लिहा. दोन फेऱ्या पुरेत. "अजून एक छोटासा बदल" याला शेवट नसतो आणि पैसे लांबवण्याचं ते सगळ्यात सभ्य साधन आहे.

प्लगइनचं लायसन्स स्वतःच्या कार्डावर घेऊन बिलात लावायचं, हेही टाळा. ते क्लायंटच्या खात्यातून, क्लायंटच्या मेलवर घेतलेलं असावं. डोमेनचंही तसंच. क्लायंटचं डोमेन आपल्या नावावर घेऊन पैशांसाठी अडवून ठेवणारे डिझायनरही आहेत. ती उलट्या बाजूची फसवणूकच.

"पेमेंट केलं" म्हणून आलेला स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. यूपीआयच्या पावतीचं हुबेहूब चित्र बनवणारी ॲप्स आहेत. एसएमएसवरही विसंबू नका; बँकेचं ॲप उघडून जमा झालेली रक्कम बघा, 12 आकडी व्यवहार क्रमांक जुळवा, मगच साइट हलवा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. चेक दिला असेल तर तो वटेपर्यंत थांबा, नुसता भरला म्हणून पुढे जाऊ नका. आणखी एक बारीक खोड: 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापला म्हणून 1,500 कमी देणं. त्या क्लायंटकडून वर्षभरात एवढंच काम असेल तर 15,000वर टीडीएसची मर्यादाच ओलांडली जात नाही. आणि खरोखर कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर, आयकर पोर्टलवरच्या करजमा विवरणात दिसला पाहिजे. क्लायंटने तिमाही विवरणपत्र भरल्यावर तो तिथे येतो, म्हणून तिमाही संपल्यावर दोनेक महिने वाट बघून तपासा.

अपवर्कसारख्या फ्रीलान्स काम मिळवून देणाऱ्या साइटवर फिक्स्ड प्राइस कामात माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या एकेका टप्प्याचे, पैसे आधी एस्क्रोत (साइटच्या ताब्यातल्या राखीव खात्यात) जमा होतात. तो माइलस्टोन 'फंडेड' दिसेपर्यंत एक ओळही लिहू नका. काम सादर केल्यावर क्लायंट 14 दिवस गप्प राहिला तर पैसे आपोआप सुटतात. "कमिशन वाचेल, टेलिग्रामवर या" म्हणणारा नेमकं हेच संरक्षण काढून घेतो. आणि कामाआधी सिक्युरिटी डिपॉझिट किंवा 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्याशी पुढे बोलायचंच नाही.

त्याहून वाईट प्रकारात नुसते पैसे नाही, लॅपटॉपचा ताबाच जातो. लिंक्डइनवर रिक्रूटर भेटतो, डॉलरमधला पगार सांगतो आणि टेस्ट म्हणून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची एक रेपो (प्रोजेक्टचं कोड-फोल्डर) पाठवतो: चालवून बघा, एक बग सोडवा, तासाभराचं काम आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये पालो आल्टो या सायबर सुरक्षा कंपनीच्या युनिट 42 या शोधपथकाने ही मोहीम 'कंटेजस इंटरव्ह्यू' या नावाने उघड केली आणि तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. त्यातला 'बीव्हरटेल' हा मालवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट उचलतो.

फसतं कुठे? एनपीएम इन्स्टॉल ही जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस आणणारी कमांड नुसती फाइल्स उतरवते असा समज असतो. पॅकेजमध्ये पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट, म्हणजे उतरवल्यावर आपोआप चालणारा कोड, असेल तर तीही त्याच वेळी चालते. 'इग्नोअर-स्क्रिप्ट्स' हा पर्याय लावला तर ती थांबते, पण रेपोच्या स्वतःच्या कोडमध्ये विष असेल तर एनपीएम स्टार्ट देऊन प्रोजेक्ट चालू करताच घात झाला. कधी ते कॉन्फिगच्या फाइलमध्ये, एका ओळीच्या पुढे शेकडो स्पेस सोडून उजवीकडे लपवलेलं असतं. वर्ड रॅप (लांब ओळ खाली मोडून दाखवायची सोय) चालू केल्याशिवाय दिसत नाही. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरने फोल्डर उघडताना "ट्रस्ट करायचं का?" विचारलं की सवयीने 'हो' दाबू नका, कारण फोल्डर उघडताक्षणी चालणारे टास्क त्यात ठेवता येतात. अनोळखी रेपो गिटहब कोडस्पेसेसमध्ये (गिटहबच्या सर्व्हरवरच्या संगणकात) किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आतल्या वेगळ्या आभासी संगणकात) चालवा. वैयक्तिक खात्याला कोडस्पेसेस ठरावीक तास फुकट मिळतं. आधीच चालवली असेल तर नेट तोडा, पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, गिटहबचे टोकन आणि एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायच्या किल्ल्या) रद्द करा आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

काम घेऊन पैसे बुडवणाऱ्याबाबत पोलीस बरेचदा "हा दिवाणी वाद आहे" म्हणतात. रागाने जुन्या पासवर्डने शिरून साइट उडवू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर असं केलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. म्हणजे पैसे बुडाले ते बुडाले, वर आरोपी तुम्ही.

हत्यार दुसरं आहे. फ्रीलान्सर नोकर नसतो, त्यामुळे वेगळा करार नसेल तर त्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट सहसा त्याचाच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर 1957 च्या कायद्यानुसार सहीनिशी लेखी लागतो. कोटेशनमध्ये एक ओळ घाला: पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील. साइट अमेरिकी होस्टिंगवर असेल तर त्या कंपनीकडे डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली साइट उतरवायची नोटीस पाठवता येते. पुरावा म्हणून गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा) इतिहास चालतो, पण आपल्या मशीनवरच्या कमिटची, म्हणजे बदलाच्या नोंदीची, तारीख हवी तशी टाकता येते, म्हणून रोज गिटहबवर पुश करा, म्हणजे चढवा, आणि मंजुरी फोनवर न घेता मेलवर घ्या.

आणि काम सुरू करण्याआधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) करून ठेवा. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार क्लायंटला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन जाता येतं. काम बुडाल्यावर नोंदणी करून त्या जुन्या कामाला हा लाभ मिळेलच असं नाही. नोंदणीला आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या काही साइट्स याचेच पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ती खिडकी बंद करा.