पहिले विमान घेताना: जुने सेसना १७२ की पायपर चेरोकी १४०?

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यावर स्वतःचे विमान घेऊ पाहणाऱ्यासमोर बहुधा ही दोन नावे येतात. चेरोकी सहसा थोडे स्वस्त मिळते, कारण प्रशिक्षण संस्थांकडून १७२ ला सतत मागणी असते.

इंजिनापुरता दोहोंत फारसा फरक नाही. १९६८ पासून १७२ मध्ये लायकॉमिंग कंपनीचे १५० अश्वशक्तीचे ओ-३२० बसू लागले आणि चेरोकी १४० मध्येही त्याच कुळातले इंजिन आहे. तासाला साधारण ८ गॅलन इंधन दोन्हींना लागते. अपवाद आहे तो १९७७ पासूनच्या '१७२ एन'चा. त्याच्या एच२एडी प्रकारच्या ओ-३२० इंजिनात कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा फिरता दांडा) आणि टॅपेट (त्या दांड्याची हालचाल झडपांकडे पोचवणारा भाग) अकाली झिजण्याचे प्रकार घडले असल्याने त्याच्या देखभालीच्या नोंदी अधिक बारकाईने वाचाव्यात.

खरा फरक पंखांच्या जागेमुळे पडतो. सेसनाचे पंख वर असल्याने इंधन स्वतःच्या वजनानेच इंजिनाकडे उतरते आणि दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवता येतात. चेरोकीत ते पंपाने ओढावे लागते, आणि डावी-उजवी टाकी वैमानिकाने आठवणीने बदलावी लागते. उलट, चेरोकीची टाकी जमिनीवर उभे राहून भरता येते, तर सेसनासाठी शिडी लागते. चेरोकीला एकच दार, तेही उजव्या पंखावर चढून गाठायचे. भारतातून आलेल्या आईवडिलांना फिरवून आणायचे मनात असेल, तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही सेसनाला झुकते माप द्यावे.

दर १२ महिन्यांची वार्षिक तपासणी दोन्हींना सक्तीची आहे. सेसनात आसनांचे रूळ झिजले तर उड्डाणाच्या वेळी आसन मागे सरकू शकते, म्हणून त्यांची वारंवार तपासणी बंधनकारक आहे. पायपरच्या बाबतीत, २०१८ मध्ये डेटोना बीच येथे पीए-२८ कुळातल्या (चेरोकी १४० याच कुळातले) एका विमानाचा पंख धातूच्या थकव्यामुळे तुटला, आणि पुढे त्या कुळातल्या ठराविक मॉडेलांच्या मुख्य स्पारमधील (पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईतील) बोल्टच्या छिद्रांची तपासणी सक्तीची झाली. आपल्या मॉडेलला आणि अनुक्रमांकाला ती लागू होते का, हे व्यवहाराआधीच पाहावे.

मात्र नावापेक्षा मी विमानाच्या वापराला जास्त महत्त्व देईन. ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतर) ४०० तास झालेले, पण वर्षानुवर्षे हँगरमध्ये उभे असलेले इंजिन जाहिरातीत आकर्षक वाटते. परंतु या लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो, विमान उभे राहिले की त्याच्यावरचे तेल निथळून जाते आणि गंज धरतो. त्यापेक्षा १,४०० तास झालेले, पण दर आठवड्याला उडालेले इंजिन मी पसंत करीन, जरी ओव्हरहॉलसाठी शिफारस केलेली २,००० तासांची मर्यादा त्याला जवळ आली असली तरी. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून खरेदीपूर्व तपासणी करून घ्यावी, आणि विमान बराच काळ उभे असेल तर एक सिलिंडर उतरवून कॅमशाफ्ट प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागावी. ती नाकारली गेली, तर ते विमान सोडून द्यावे.