उत्तर सांगणारा वर्ग की शोधू देणारा? शाळा निवडण्याआधी

मुलाचं नाव गावच्या शाळेत घालायचं की तालुक्याच्या, हे ठरवताना आपण इमारत, एसटीची सोय आणि माध्यम बघतो. त्याआधी एक गोष्ट बघा: वर्गात उत्तर कोण शोधतं, बाई की मुलं?

भरती-ओहोटीचा धडा घ्या. सांगणाऱ्या वर्गात तो दोन तासिकांत संपतो. ‘चंद्र व सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे’ हे फळ्यावरून वहीत उतरतं, परीक्षेत गुणही मिळतात. उद्या भरती किती वाजता, हे मात्र त्याच मुलाला सांगता येत नाही.

शोधू देणाऱ्या वर्गाला पंधरा दिवस लागतात. मुलं मोठ्या माणसासोबत जेटीवर जातात आणि पूर्ण भरतीला किती पायऱ्या उघड्या राहिल्या, किती वाजले, तिथी कोणती, हे लिहितात. भरती दिवसातून दोनदा येते. संध्याकाळची अंधारात जाऊ लागली की सकाळची धरायची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, त्यांच्याच तक्त्यात दिसतो. मग घरचा, आजोबांचा ठोकताळा पडताळायचा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, म्हणजे दर तिथीला ४५ मिनिटं. वहीत मात्र भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकलेली असते. आजोबा चुकले, की आपण? खाडीत आत भरती उशिरा पोहोचते, त्याचा किती भाग? हे प्रश्न मुलं स्वतः विचारतात, आणि धड्याचं सगळं मोल तिथे आहे.

हा प्रयोग फसतोही. पावसाळ्यात नदीचं पाणी खाडीत उतरतं आणि मापं बिघडतात, म्हणून तो दिवाळीनंतर करावा. त्याहून मोठी चूक वर्गात होते. एखादं मूल म्हणतं, “वारा पाणी आणतो.” त्याला लगेच “चूक” म्हटलं की पुढचा हात वर येत नाही. “वारा पडलेला असतो तेव्हा भरती येते का, बघून ये,” एवढं पुरतं.

साहित्य महाग पडतं, ही सबब धरू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंचंच शिक्षणसाहित्य केलं.

पाढे, अक्षरओळख आणि शुद्धलेखन यांना मात्र सराव लागतोच. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल आणि शाळा ‘आम्ही मुक्त ठेवतो’ म्हणत असेल, तर ती शाळा नको. विचार करायलाही हाताशी माहिती लागते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत सरावाचा वर्ग पुढे राहू शकतो. शोधू देणाऱ्या वर्गातल्या मुलाला त्यासाठी घरी वेळ लावून प्रश्नपत्रिका सोडवायला द्या.

पारख सोपी आहे. एकाच वर्गाच्या पाच वह्या मागा. स्वतःच्या शब्दांत लिहायची उत्तरंही शब्दशः सारखी असतील तर ती सांगून लिहून घेतलेली आहेत. मग एक तासिका मागे बसा. प्रश्न विचारल्यावर बाई किती सेकंद थांबतात, ते मोजा. एका सेकंदात स्वतःच उत्तर देत असतील तर मुलांना वावच नाही. तीन सेकंद किंवा जास्त थांबत असतील तर मागच्या बाकावरूनही उत्तर येऊ लागतं. मुलाला मोकळेपणाने मत मांडता यावं, हे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्येच आहे, त्यामुळे असं बसू द्या म्हणायला संकोचू नका.